बाहेरून आलेल्यांचा पाठ

बोरतळी, ता. देगलूर
१२ जानेवारी २०२५

श्री. सत्यमराव यांस,
शरणु शरणार्थी.

तुमचा निरोप धम्मदीप सरांकडून मिळाला. निलूला न्यायला कधी येऊ, असं तुम्ही विचारलं आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहितो. निलंगा डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, माइकवर गाड्या पुकारल्या, पण घरच्या माणसाशी फोनवर बोलायची सवय झाली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वार्षिक परीक्षा होईपर्यंत तिला इथे राहू द्यावं. पाचवीचं वर्ष आहे. आईला जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत. त्यात गाव, शाळा, भाषा सगळं एकदम बदललं तर लेकरू बावरेल.

तिची प्रकृती बरी आहे. सकाळी दूध-भाकरी खाते. अभ्यास करते. तुमची आठवण काढत नाही. तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहितो. गेल्या दोन्ही रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ती खरंच झोपली होती.

लोक काय म्हणतात तेही सांगतो, कारण ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळणारच. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं आमच्या पिढीत होतं. सृष्टीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यात मी या घरी एकदाही जेवलो नव्हतो. यायचो तेव्हा भाकरी निलंग्याहून बांधून आणायचो आणि शाळेच्या ओट्यावर खायचो. ती चिडायची. आता तुमच्या घरात राहतो, तुमच्या बाजेवर झोपतो. शेजारच्या नागुबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "जावई भाईर आन् सासरा घरात. उलटंच झालं की हो, अज्जा."

मी म्हणालो, "लेकरासाठी."

"हाव, लेकरासाठीच," म्हणाल्या आणि हसल्या.

सृष्टीच्या जागी अजून कोणी शिक्षक आलेले नाहीत. धम्मदीप सर एकटे पाच वर्ग सांभाळतात. शाळा समितीने ठराव घेतला, तेव्हापासून तिसरी ते पाचवीच्या खोलीत मी बसतो. एकोणीस मुलं आहेत. मी काही मास्तर नाही. पण उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षक ज्या वहीत लिहून ठेवतात, ती सृष्टीची टाचणवही कपाटात मिळाली. तिने सगळ्या वर्षाचं जूनमध्येच लिहून ठेवलं आहे. ती उघडायची आणि तसं करायचं, एवढंच माझं काम. जानेवारीच्या शेवटी एक पाठ आहे, 'बाहेरून आलेले'. ग्रीक, शक, कुषाण, हूण. पाचवीच्या पुस्तकात तो नाही, तिने स्वतः जोडला आहे. मी शाळेत असताना हे घोकलं होतं, आता काही आठवत नाही.

दवाखान्यातून तुम्हाला फोन लागला नाही, हे मी मातीच्या दिवशीच सांगितलं. तो विषय पुन्हा नको.

आपला,
रामलिंग


बोरतळी
१ फेब्रुवारी

श्री. सत्यमराव यांस,
शरणु शरणार्थी.

उत्तर नाही आलं तरी लिहितो. निलूला गेल्या आठवड्यात सर्दी होती, आता बरी आहे.

तो पाठ झाला. सृष्टीने टाचणात लिहिलं होतं ते असं : 'वर्गाचा दरवाजा म्हणजे डोंगरातली खिंड. तिसरीची मुलं आत बसतील, ते इथले लोक. चौथी-पाचवीची बाहेरून येतील. प्रत्येक टोळीने आपल्यासोबत काहीतरी आणावं. त्यांना आत घ्यायचं का, राहू द्यायचं का, हे तिसरीने ठरवावं. शिक्षकाने मध्ये बोलू नये.' शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या आहेत.

हूण व्हायला कोणी तयार नव्हतं. शेवटी पाचवीतला बसवंत म्हणाला, "लाठी घिऊ देत असलाव तर होतो." मी ज्वारीचं धाट घेऊ दिलं. केरबा चौथीत आहे. तो ग्रीकांचा राजा. त्याने पुठ्ठ्याची नाणी कापून आणली होती. तिसरीत प्रियदर्शनी नावाची मुलगी आहे, वर्गात सगळ्यात बुटकी. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण इथल्यांची पुढारी तीच झाली.

"काय आणलं?"

"नाणी."

"आमच्याकडं बी हायेत."

"तोंड छापलेली न्हाईत तुमच्याकडं. हे बघ, राजाचं तोंड."

"हे तर तुझंच तोंड हाय, केरबा. नाक बी तसंच काढलंय."

सगळे हसले. ग्रीकांना आत घेतलं. कुषाणांनी सोन्याची नाणी आणली, म्हणजे चॉकलेटचे कागद. धम्मदीप सरांचा रेनकोट लांब अंगरखा म्हणून घातला होता. त्यांनाही घेतलं. मग बसवंत धाट आपटत आला आणि थेट आत घुसला.

"विचारायचं असतंय," प्रियदर्शनी म्हणाली.

"हूण विचारत नसतेत."

"मग धाट तिकडं ठिव आन् बस. म्हशीला घालू."

मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "असं नाही. हे आक्रमक आहेत, यांनी गावं जाळली. यांना बाहेर काढायचं असतं." पोरं माझ्याकडे बघत राहिली. केरबा म्हणाला, "अज्जा, मधी बोलायचं नसतंय. बाई तर तोंडाला रुमाल धरून बसायच्या." मागच्या वर्षीही तिने हा खेळ घेतला होता म्हणे. हसू येऊ नये म्हणून रुमाल, असं मला वाटलं. केरबा म्हणाला, "हसायला न्हाई. बोलायला येऊ नये म्हून."

मी खाली बसलो. खिशात रुमाल होता, तो काढला नाही, पण पुढे बोललो नाही.

निलू शकांच्या टोळीत होती. तिचं काम ठीक झालं.

नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरात शके १९४६ लिहिलेलं दाखवलं. हे लोक आले, लढले, हरले, इथलेच झाले आणि वर्षं मोजताना आपण त्यांचं नाव अजून घेतो, असं टाचणात होतं, तसं सांगितलं. तिसरीच्या मुलांनी ते फळ्यावरून उतरवून घेतलं. त्यांना कितपत कळलं माहीत नाही. मला तिची अक्षरं वाचताना थकायला होतं. एका पानावर चहाचा डाग आहे.

आपला,
रामलिंग


बोरतळी
२० फेब्रुवारी

श्री. सत्यमराव यांस,
शरणु शरणार्थी.

आता रविवारी तुमचे फोन येत नाहीत. कामाचा ताण असेल. निलू विचारत नाही.

इथे थोडा गोंधळ झाला, तो कळवतो. पाठाच्या शेवटी टाचणात घरी करायचं काम होतं : 'आपले लोक या गावात कुठून आले ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.' मी ते जसंच्या तसं दिलं. मला त्यात वावगं दिसलं नाही. सृष्टी असती तर आधी चार घरी जाऊन बोलून आली असती. मी गावाला ओळखत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

कोणाचे लोक भालकीकडून आलेले निघाले, कोणाचे रझाकाराच्या वेळी मदनूरकडून. प्रियदर्शनीने सांगितलं, "आमच्या आज्जीला म्हाईत न्हाई. ती म्हन्ली, आमाला कोनी विचारलंच न्हाई कवा." तिसऱ्या दिवशी बसवंतचे वडील संगप्पा शाळेत आले. पोराने घरी जाऊन 'आपण हूण आहोत, आपण बाहेरचे' असं सांगितलं होतं.

"सर, आमी ह्या गावचे मूळ मानसं. मारुतीम्होरं पयला नारळ आमचा. आन् तुमी माझ्या पोराला हूण करून राहिले?"

धम्मदीप सर शांत माणूस आहेत. म्हणाले, "तात्या, त्यानं स्वतः घेतलं. धाट मिळत होतं ना हातात."

"हसण्यावारी नेऊ नका."

"हसत न्हाई. बसा, पाणी घ्या."

मी मध्ये म्हणालो की हा नुसता पाठ आहे, कोण मूळ आणि कोण उपरा हे कोणी ठरवत नाही. संगप्पा माझ्याकडे वळले. "तुमी तर सांगूच नका, अज्जा. तुमी दिवाळीच्या आधी आलाव, तेबी दुसऱ्याच्या घरात."

त्यांनी पाणी घेतलं आणि गेले.

संध्याकाळी नागुबाईंनी तोडगा सांगितला. "भांडताव कशाला? सुगी झाली की हेळवी येतोय. त्याच्या वहीत समद्यांचं हाय." हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या वाचणारा माणूस. तुम्ही लहानपणी पाहिला असेल. कर्नाटकातून येतात, दोन-तीन वर्षांनी एकदा. पूर्वी बैलावर यायचे. आपापली घराणी वाटून घेतलेली असतात, जन्म-मृत्यू लिहून घेतात, मागचं वाचून दाखवतात, ज्वारी घेऊन जातात. मुलांनी तेव्हापासून धरलं आहे की हेळवी आला की शाळेत आणायचा.

निलूने वेणी घालायला मला शिकवलं. सैल होते, असं म्हणते.

आपला,
रामलिंग


बोरतळी
१६ मार्च

सत्यमराव,

काल हेळवी आला. चन्नबसप्पा नाव. सत्तरीचा माणूस, पांढरा फेटा, मोटारसायकलच्या हॅण्डलला घंटी बांधलेली. शनिवारची सकाळची शाळा होती. पोरांनी त्याला पारावरून उठवून शाळेच्या व्हरांड्यात आणून बसवला. बातमी कळून संगप्पा स्वतः आले. नागुबाई आल्या, आणखी बरेच लोक आले.

आधी संगप्पांचं घराणं वाचलं. कानडीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. सात पिढ्यांमागे दुष्काळात दोन बैल घेऊन हुमनाबादकडून आले, गावाने तीन वर्षं ओढ्याच्या पलीकडे ठेवलं, मग आत घेतलं. बसवंत टाळ्या वाजवायला लागला. "म्हंजे आपण खरंच भाईरचे!" संगप्पा म्हणाले, "सात पिढ्या म्हंजे काय थोड्या झाल्या?" चन्नबसप्पा म्हणाला, "थोड्या न्हाई, तात्या. पण माझी वही अकरा पिढ्यांची हाय." सगळे हसले, संगप्पाही. नंतर त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पायली ज्वारी आणून दिली.

मग तुमचं घराणं. तुमचे खापरपणजोबा या गावात घरजावई म्हणून आले, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. वाचत वाचत तो महादेवप्पांवर आला, तुमच्या वडिलांवर. त्यांचा मृत्यू लिहिलेला नव्हता, तो नागुबाईंनी सांगितला. मग म्हणाला, "महादेवप्पाला सत्यम. सत्यमला?"

निलू उभी राहिली. "मी. नीलांबिका."

"आई?"

"सृष्टी. वारल्या."

मोठ्या बाईसारखं 'वारल्या' म्हणाली. त्याने लिहिलं. "बाप कुठं ऱ्हातो?"

मी 'बाहेरगावी' म्हणणार होतो. माझ्याआधी ती बोलली. "संगारेड्डी. स्टँडच्या मागं, दुसरा मजला. ह्या आठवड्यात रात्रपाळी हाय, सोमवारपासून सकाळची. खोलीत दोन खाटा घेतल्यात. खिडकीपाशी हाय ती माझी."

मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

हेळव्याने विचारलं, "मग ही पोरगी कुठल्या गावची लिहू? बोरतळी का संगारेड्डी?"

मी म्हणालो, "पुढल्या खेपेला लिहा." तो म्हणाला, "पुढली खेप तीन वर्सानं, अप्पा. तवर मी असंन का न्हाई." आणि पान उलटलं.

शाळा सुटल्यावर धम्मदीप सरांनी मला थांबवलं. डिसेंबरपासून दर शनिवारी निलू त्यांच्या मोबाइलवरून तुमच्याशी बोलते, असं सांगितलं. "आधी मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. नंतर लक्षात आलं, नाही. पण बंद करवलं नाही माझ्याच्यानं. रागवा हवं तर." मी कशाला रागवू?

म्हणजे माझी तिन्ही पत्रं तुम्ही सगळं माहीत असताना वाचलीत. ती झोपलेली नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. तुमचा फोन आला की मी अंगणात जायचो, हेही तिने सांगितलं असेल. आठवण काढत नाही, विचारत नाही, असं मी लिहिलं. माझ्याकडे काढत नव्हती, एवढंच खरं. तुम्ही मला एकदाही खोटं पाडलं नाहीत. पाडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाठाच्या दिवशीचं एक मी लिहिलं नव्हतं. शकांची टोळी दरवाजात आली तेव्हा प्रियदर्शनीने नेहमीसारखं विचारलं, काय आणलं. निलू म्हणाली, "काहीच न्हाई आणलं. मला हितं ऱ्हायचं न्हाई. पलीकडं जायचंय, वाट द्या."

"पलीकडं काय हाय?"

"माझे पप्पा."

त्या पोरीने आपली पाटी उचलून बाजूला केली आणि म्हणाली, "जा मग." निलू वर्गातून चालत मागच्या खिडकीपर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. हूण आले ते त्यानंतर. मी आक्रमक-आक्रमक म्हणून ओरडलो, ते बसवंतवर नव्हतं.

रामलिंग


बोरतळी
१९ मार्च

सत्यमराव,

रविवारच्या पत्राने झालं असं मला वाटलं होतं. झालं नाही. तीन दिवस शाळेत नुसता बसून आहे. मुलांना शुद्धलेखन देतो.

दवाखान्यातून तुम्हाला फोन लागला नाही, असं मी सांगितलं. मी तो लावलाच नव्हता.

नीट सांगतो. सृष्टीला नांदेडला नेलं तेव्हा कावीळच आहे, आठ दिवसांत घरी येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तुमचं दोघांचं तेव्हा बोलणं बंद होतं. पहिले तीन दिवस तीच म्हणाली, कळवू नका, उगीच धावत येतील. चौथ्या दिवशी तिला आतल्या विभागात हलवलं आणि तिचा मोबाइल माझ्याकडे आला. त्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, त्यांना फोन करा." मी बाहेर आलो. फोन कानाला लावून व्हरांड्यात उभा राहिलो. आत जाऊन सांगितलं, "लागत नाही."

ती म्हणाली, "परत लावून बघा."

पाचव्या दिवशी तसंच. सहाव्या दिवशी तसंच. भेटायला पंधरा मिनिटं सोडायचे, त्यातली पाच मी बाहेर फोन कानाला लावून घालवली. समोर खिडकीची काच होती. तिला मी दिसत असेन. सातव्या दिवशी तिला बोलता येत नव्हतं. तिने हाताने फोनची खूण केली. मी मान हलवली. आठव्या दिवशी ती कोणाला ओळखत नव्हती. दहाव्या दिवशी गेली. तुम्हाला मी फोन केला तो गाडी देगलूरच्या पुढे आल्यावर. तुम्ही पोचलात तेव्हा माती होऊन गेली होती, आणि मी चारचौघांत म्हणालो, "आता कशाला आलात?"

धम्मदीप सरांनी दोनदा विचारलं होतं, जावयांना कळवलं का. नागुबाईंनीही विचारलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, "कळवलं आहे, येतील." म्हणून गावाने तुम्हालाच बोल लावला. आजही लावतात.

का केलं, ते शोधतो आहे. तुमच्यावर राग होता, तो खरा. तिला एकटं टाकून तुम्ही कंपनीत गेलात, असं मी धरून होतो. नोकरी तिचीही होती, तीही गाव सोडायला तयार नव्हती, हे मी मोजलं नाही. पण राग हे पूर्ण कारण नाही. सृष्टीची आई तारामती गेल्यावर निलंग्याच्या घरात मी आठ वर्षं एकटा काढली. सृष्टी बरी झाली की निलूला घेऊन माझ्याकडे येईल, बदली मागेल, असं मी मनात मांडलं होतं. तुम्ही आला असता तर ती तुमच्याबरोबर गेली असती. ती मरेल, असं मला एकदाही वाटलं नाही. हे माफीसाठी सांगत नाही, तसंच होतं म्हणून सांगतो.

हे वाचल्यावर तुम्ही निलूला लगेच नेलंत तरी मी अडवणार नाही. मला तिचं तोंड पुन्हा दाखवायचं नाही असं ठरवलंत तरी ते चुकीचं म्हणता येणार नाही. गावात मी स्वतः सांगतो. आज सकाळी धम्मदीप सरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि बराच वेळ खडू मोडत बसले. मग म्हणाले, "निलूला पण तुम्हीच सांगा. माझ्या फोनवरून तिला कळायला नको."

रामलिंग


बोरतळी
२४ एप्रिल

सत्यमराव,

निलूला त्याच आठवड्यात सांगितलं. ती उठून नागुबाईंकडे गेली. चार दिवस तिकडेच जेवली, तिकडेच झोपली. पाचव्या दिवशी सकाळी कंगवा घेऊन आली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. "फोटो काढणार हायेत शाळेत. घट्ट घाला." मी घातली. त्यानंतर इथेच जेवते. कामापुरतं बोलते. माझ्याकडे बघते तेव्हा मला काही समजत नाही, आणि मी विचारत नाही.

गावाला सांगितलं. संगप्पांनी पारावर तोंड फिरवलं, मग दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सत्यमला लई बोललो आमी. आता काय करावं?" मी म्हणालो, तो आला की त्यालाच सांगा.

परीक्षा आज संपली. 'बाहेरून आलेले लोक इथे का राहिले?' असा एक प्रश्न मी घातला होता. कुणी लिहिलं पाणी होतं, कुणी लिहिलं जमीन चांगली होती. बसवंतने लिहिलं, 'त्यांना परत जायला गाडी नव्हती.' मी पूर्ण गुण दिले. धम्मदीप सर म्हणाले, अर्धे द्यायला पाहिजे होते. टाचणवही त्यांच्याकडे दिली आहे. जूनमध्ये नवीन बाई येणार आहेत असं ऐकतो.

तुमचं उत्तर आलं नाही. शनिवारी फोनवर बोलून आल्यावर निलू म्हणाली, "पप्पा एक तारखेला येणारेत. निकालाला." माझ्यासाठी काही निरोप आहे का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तिचे कपडे आणि दप्तर एका बॅगेत भरलं आहे. सृष्टीच्या साड्या कपाटात तशाच आहेत, त्यांना हात लावला नाही. तो तुमचा आणि निलूचा प्रश्न. नागुबाईंकडे सृष्टीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत ठेवली आहे. घर झाडून घेतलं आहे. तुमची बाज बाहेर काढून उन्हात टाकली होती.

माझं सामान एका पिशवीत मावतं. एक तारखेला बोरतळीहून पहिली गाडी पावणेसातला आहे. ती देगलूरला उदगीर-निलंगा गाडीला मिळते, म्हणजे दुपारपर्यंत मी माझ्या घरी पोचतो. तुमची हैदराबाद-नांदेड गाडी देगलूरला दहाच्या सुमारास येते. शाळेत पोचायला तुम्हाला अकरा होतील. पहिल्या गाडीने मी गेलो तर आपली गाठ पडणार नाही.

निलूला विचारलं. ती म्हणाली, "पप्पांना विचारा, घर त्यांचं हाय."

म्हणून विचारतो. मी थांबू का?

रामलिंग